घशाचा आजार आणि डोळ्यांवरील परिणाम

घसा दुखणे हा लहान मुलांमध्ये वारंवार आढळणारा विकार असल्याने त्याकडे बहुधा किरकोळ दुखणे म्हणूनच पाहिले जाते. बहुतेक वेळा तो विषाणूंमुळे होतो व आपोआप बराही होतो. परंतु काही जिवाणूंमुळे होणाऱ्या घशाच्या आजारांचे परिणाम घसा बरा झाल्यावर काही आठवड्यांनी शरीराच्या दुसऱ्याच अवयवात प्रकट होतात. हृदय, मूत्रपिंड व सांधे यांना होणारा उपद्रव अनेकांना ऐकून ठाऊक आहे. डोळ्यांवरही असे परिणाम होऊ शकतात, ही गोष्ट मात्र तितकीशी परिचित नाही. ती सर्वप्रथम लक्षात येण्याची शक्यता असते शाळेच्या वर्गात.

घटसर्प आणि जवळचे न दिसणे

या बाबतीत पहिला विचार करावा लागतो तो घटसर्पाचा. या रोगाचे जंतू घशात वाढतात व तेथे राखी रंगाचा, सहज न निघणारा पडदा तयार होतो. जंतू मुख्यतः घशातच राहतात. परंतु त्यांनी निर्माण केलेले विष रक्तावाटे सर्वत्र पसरते. हे विष हृदयाचे स्नायू व मज्जातंतू यांना इजा करते. प्रथम टाळूचे स्नायू दुर्बल होतात. मूल नाकातून बोलू लागते आणि प्यालेले पाणी नाकावाटे परत येते. त्यानंतर, साधारणतः तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात, डोळ्यांची पाळी येते.

जवळची वस्तू पाहताना डोळ्यातील एक लहानसा स्नायू आकुंचन पावतो आणि भिंग अधिक फुगीर होते. या क्रियेला समायोजन म्हणतात. घटसर्पाच्या विषाने या स्नायूचा मज्जातंतू निकामी झाला की मुलाला दूरचे दिसते, पण जवळचे अंधूक दिसते. फळ्यावरील अक्षरे वाचणारा विद्यार्थी हातातील पुस्तक वाचू शकत नाही. काही रुग्णांत डोळा फिरविणारे स्नायूही दुर्बल होऊन तिरळेपणा येतो व एका वस्तूच्या दोन दिसू लागतात.

अशा विद्यार्थ्याला आळशी ठरविणे अन्यायाचे होईल. केवळ चष्मा देऊन स्वस्थ बसणे तर धोक्याचे ठरेल. डोळ्यांचा हा दोष बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्णपणे भरून येतो. पण त्याच विषाने हृदयाला झालेली इजा प्राणघातक ठरू शकते. म्हणून डोळ्यांचे हे लक्षण म्हणजे संपूर्ण शरीराची तपासणी तातडीने करण्याची सूचनाच होय.

घटसर्पावर प्रतिविष व प्रतिजैविक असे दुहेरी उपचार केले जातात. प्रतिजैविकाने जंतू मरतात. रक्तातील मोकळे विष निष्प्रभ करण्याचे काम मात्र प्रतिविषाचे आहे. पेशींत शिरलेल्या विषावर त्याचा उपयोग होत नाही. यासाठीच संशय येताच, प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता, ते दिले जाते. प्रतिविषाच्या या उपचाराबद्दल एमिल फॉन बेरिंग यांना १९०१ साली वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले.

डोळे लाल होणे

दुसरा जंतू स्ट्रेप्टोकोकस. यामुळे घसा सुजतो, ताप येतो व गिळताना वेदना होतात. क्वचित प्रसंगी, घसा दुखून गेल्यानंतर एक ते काही आठवड्यांत, बहुधा दोन्ही डोळ्यांच्या मधल्या पटलाचा दाह होतो. यात जंतू डोळ्यात शिरलेले नसतात. जंतूविरुद्ध जागृत झालेली शरीराची प्रतिकारशक्तीच डोळ्यावर उलटते, असे मानले जाते. डोळे लाल होतात, उजेड सहन होत नाही, नजर धूसर होते. साध्या डोळे येण्याच्या साथीत पुष्कळ चिपडे येतात, परंतु दृष्टी सहसा मंदावत नाही. हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

या विकारावर नेत्रतज्ज्ञ स्टेरॉइडचे थेंब देतात. मात्र हेच थेंब सल्ल्याविना दुकानातून आणून घातल्यास डोळ्यातील दाब वाढणे, मोतीबिंदू होणे किंवा बुबुळावरील जखम चिघळणे असे अनर्थ ओढवतात. झाडपाल्याचा रस, मध किंवा दूध डोळ्यात घालणेही तितकेच घातक होय. घशासाठी डॉक्टरांनी पेनिसिलिनच्या गोळ्या १० दिवस सांगितल्या असतील, तर बरे वाटताच त्या बंद करू नयेत.

शाळा व ग्रामपंचायतींचे कार्य

कोल्हापूर जिल्ह्यातील भुदरगड तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या गारगोटीच्या परिसरात अनेक वाड्या-वस्त्या डोंगराळ भागात विखुरलेल्या आहेत. डोळ्यांच्या तज्ज्ञापर्यंत पोहोचण्यास तेथील पालकांना दिवस मोडावा लागतो. अशा भागात रोगाची पहिली खूण ओळखणारा शिक्षक मोलाचा ठरतो. याच गारगोटीत १९५२ साली डॉ. जे. पी. नाईक यांच्या पुढाकाराने श्री मौनी विद्यापीठ उभे राहिले आणि ग्रामीण जीवनाशी शिक्षणाची सांगड घालण्याचा प्रयोग झाला. आरोग्याची ही जाण त्या विचाराशी सुसंगतच आहे.

आजारपणानंतर शाळेत परतलेल्या मुलाची एक साधी परीक्षा घेता येते. त्याला प्रथम फळ्यावरील व नंतर पुस्तकातील ओळ वाचावयास सांगावी. जवळचे वाचता येत नसेल, आवाज नाकातून येत असेल किंवा डोळा तिरळा दिसत असेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांना भेटी देतात. परंतु अशा मुलासाठी पथकाच्या भेटीपर्यंत थांबू नये.

या सर्वांहून श्रेष्ठ उपाय म्हणजे लसीकरण. घटसर्पाची लस बाळाला ६, १०, १४ आठवड्यांना देतात. पुढे १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान व ५ ते ६ वर्षांच्या वयात त्रिगुणी लसीचे वर्धक डोस आणि १० व १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्प लस दिली जाते. शाळेत नाव दाखल करतानाच लसीकरण पत्रिका पाहण्याचा प्रघात मुख्याध्यापकांनी ठेवावा. राहिलेल्या मुलांची वाडीवार यादी आशा व अंगणवाडी कार्यकर्त्यांच्या साहाय्याने ग्रामपंचायतीने करावी. ऊसतोडणीसाठी आलेल्या कुटुंबांची मुले या यादीतून सुटणार नाहीत, याकडे विशेष लक्ष पुरवावे. घटसर्पाचा एक रुग्ण आढळला तरी त्याच्या घरातील व वर्गातील निकट संपर्कातील सर्वांची तपासणी, औषधोपचार व लसीकरण आवश्यक असते. ते गावाच्या सहकार्याविना पूर्ण होऊ शकत नाही.