ट्रकखालचा तेलाचा डाग

वसंतातील व्याख्यानांत संतवाङ्मय, राज्यघटना, आहारशास्त्र असे विषय शोभतात. त्यांच्या पंक्तीला ट्रकच्या इंजिनातून गळणारे तेल आणून बसविले, तर कोणी भिवया वर चढवील. पण ताडकळस हे बाजारपेठेचे गाव आहे. येथे कापूस, सोयाबीन, ऊस जे काही हलते ते चाकांवर हलते, आणि वैशाख सरत आला की आषाढी वारीची बोलणी सुरू होतात. गोदावरी ओलांडून गंगाखेड, पुढे परळी, अंबाजोगाई आणि तेथून पंढरपूर, अशी ही तीनशे किलोमीटरांच्या घरातील वाट. शेगावच्या गजाननमहाराजांची पालखीही परभणीहून गंगाखेड, परळी, अंबाजोगाई अशीच पुढे जाते. वारकरी पायी चालतात हे खरे. पण तंबू, पातेली, शिधा, वळकट्या हे सारे बरोबरच्या ट्रकात असते. तो ट्रक बालाघाटच्या चढावर बसला, तर शे-दीडशे माणसांचे रात्रीचे जेवणही तेथेच बसले म्हणून समजावे.

हा ट्रक बहुधा नवा नसतो. नवी गाडी भाड्याला गुंतलेली असते; दिंडीच्या वाट्याला येते ती जुनी. १९५४ साली जमशेदपूरला टेल्कोने जर्मनीच्या डायमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधावयास आरंभ केला. तो करार १९६९ मध्ये संपला, पण त्या घडणीची डिझेल इंजिने पुढे कित्येक वर्षे आपल्या रस्त्यांवर धावत राहिली आणि त्यांचे मर्म गावोगावच्या मेस्त्रींच्या हातात उतरले. अशी जुनी गाडी उसाचा हंगाम संपल्यावर दोन-तीन महिने लिंबाखाली उभी राहते. उभ्या गाडीला काही होत नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. शाफ्टभोवती बसविलेल्या रबराच्या सीलला तेलाचा ओलावा लागतो. परभणीच्या उन्हात ते सुकते, कडक होते, आणि पहिल्याच लांबच्या फेरीला कडेने तेल सोडू लागते.

तेल इंजिनात कसे फिरते ते आधी पाहू. मग गळती शोधणे निम्मे सोपे होते. इंजिनाच्या तळाशी चेंबर असते, त्यात सारे तेल साठते. तेथून पंप ते जाळीतून ओढतो, फिल्टरमधून पुढे ढकलतो आणि दाबाने क्रँकच्या बेअरिंगांना, कॅमशाफ्टला व वर टॅपेटपर्यंत पोचवितो. काम संपले की तेल आपल्या वजनाने पुन्हा चेंबरमध्ये उतरते. म्हणजे जाताना दाब, येताना उतार. गळतीही त्यामुळे दोन जातींची असते. इंजिन चालू असतानाच गळते ती बहुधा दाबाच्या वाटेवरची : फिल्टरची बैठक, ऑइल प्रेशरच्या घड्याळाकडे जाणारी बारीक नळी, एखादा सैल जोड. रात्रभर उभ्या गाडीखाली जी ठिबकते ती बहुधा तळाची : चेंबरचे पॅकिंग, तेल सोडण्याचा बोल्ट व त्याखालचा वायसर, किंवा क्रँकचे मागचे सील.

डाग पाहून घाबरू नये, तसे हसूनही सोडू नये. मोजावे. वीस-पंचवीस थेंबांचे एक मिलिलिटर होते. दर दहा सेकंदांना एक थेंब पडला तर तासाला ३६० थेंब, म्हणजे पंधरा-अठरा मिलिलिटर. हे तेल भरून भागविता येते. पण सेकंदाला एक थेंब पडू लागला की तासाला १५० ते १८० मिलिलिटर जाते आणि दहा तासांत दीड लिटराच्या वर. फरशीवर दोन्ही डाग सारखेच भयंकर दिसतात, कारण तेल पसरते फार. म्हणून रात्री गाडी सपाट जागी उभी करून खाली जुना पुठ्ठा अंथरावा, पुढच्या चाकांची जागा त्यावर खुणेने दाखवावी आणि सकाळी थेंब नेमका कोठे पडला ते पाहावे.

पडलेले तेल इंजिनाचेच आहे ना, हेही ताडून घ्यावे. डिझेल इंजिनातले तेल थोड्याच दिवसांत काळे पडते. गिअरबॉक्सचे तेल त्याहून दाट असते, आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. डिझेल पातळ असते. त्याचा वास तर कोणीही ओळखील. पाण्यासारखा रंगीत द्रव रेडिएटरचा. मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला ओल दिसली तर ती इंजिनाची नव्हेच, पण तिच्याकडे दुर्लक्ष करणाऱ्याला उतारावर ब्रेक सापडत नाही.

खरी मेहनत पुढे आहे. आठ-दहा वर्षांची धूळ आणि तेल यांचा लेप ज्या इंजिनावर चढला आहे, त्यावर गळती शोधणे म्हणजे चिखलात पाण्याचा झरा शोधणे. इंजिन थंड असताना ब्रश आणि थोडे डिझेल घेऊन ते घासून काढावे, फडक्याने पुसावे. पाण्याचा जोरदार फवारा डायनामोवर, स्टार्टरवर व डिझेलच्या पंपावर मारू नये. तापलेल्या इंजिनावर तर मुळीच नको. वाळल्यावर संशयाच्या जागी अंगाला लावण्याची पावडर भुरभुरावी आणि गाडी पंधरा-वीस किलोमीटर हिंडवून आणावी. ही फेरी सकाळच्या गारव्यात न मारता दुपारी मारावी. आपल्याकडे वैशाखात पारा बेचाळीस अंशांपलीकडे जातो, तेल पातळ होते, आणि सकाळी कोरडे दिसलेले सील दुपारी आपले खरे रूप दाखविते. परत आल्यावर पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ उमटलेली असते.

ती रेघ वाचताना एक नियम विसरू नये. तेल खाली उतरते, आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे सरकते. म्हणून जेथून थेंब पडतो ती जागा दोषी नसते. सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा दोषी असते. वरच्या टॅपेट कव्हरचे पॅकिंग फाटले की तेल इंजिनाच्या पाठीवरून उतरते, गिअरबॉक्सच्या सांध्याशी जमते आणि तेथून टपकते. पाहणारा म्हणतो, मागचे सील गेले. गिअरबॉक्स उतरवितात, दोन दिवस आणि बरेच पैसे जातात, आणि नवे सील घातलेली गाडी पुन्हा तेथेच थेंब टाकू लागते. वरचे पॅकिंग मात्र अर्ध्या तासाचे काम होते.

याहून फसवी एक गोष्ट आहे. इंजिनाच्या पिस्टनरिंगांतून थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतच असतो. तो बाहेर जावा म्हणून श्वासनळी, म्हणजे ब्रीदर ठेवलेला असतो. तो धुळीने व चिकट तेलाने चोंदला की आतला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या सांध्यातून बाहेर रेटले जाते. एके ठिकाणचे पॅकिंग बदलावे, तो दुसरीकडून गळावे, असा खेळ चालला असेल तर सील बदलणे थांबवून आधी ब्रीदर उघडून डिझेलने धुवावा. त्यानंतर इंजिन मंद चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण काढून पाहावे. किंचित वाफ सर्वच जुन्या इंजिनांतून येते. भकाभका धूर उसळत असेल आणि नळीतून निळसर धूरही पडत असेल, तर दोष रिंगांचा आहे आणि ते काम वारीपूर्वीच्या आठवड्यात उरकण्यासारखे नाही. तेल खुणेपेक्षा जास्त भरल्यानेही गळती वाढते. अधिकस्य अधिकं फलम् हा न्याय येथे चालत नाही.

तेलाची काडी गाडी सपाट उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी पाहावी. पातळी घटणे सर्वांना कळते. पातळी आपोआप वाढली असेल तर ते जास्त धोक्याचे, कारण डिझेल किंवा पाणी आत शिरत आहे. पाणी शिरलेले तेल दुधाळ दिसते.

दुरुस्तीविषयी थोडेच सांगतो. गळते म्हणून बोल्ट पिळत सुटू नये. पत्र्याच्या चेंबरची कड वाकते, बुचाचे पॅकिंग फुटते. मधल्या बोल्टांपासून बाहेर, आळीपाळीने, थोडे थोडे आवळावे. सिलिकॉनचा लेप सढळ हाताने थापण्याची आवड पुष्कळांना असते. त्याचे आत सुटलेले तुकडे पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. क्रँकवर जुन्या सीलने खाच पाडली असेल तर तेथे नवे सीलही टिकत नाही, हे मेस्त्रीला आधी विचारून घ्यावे. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. चाकांना ठोकळे लावावेत, चॅसिसखाली भक्कम आधार द्यावा.

आता निकाल. टॅपेट कव्हर किंवा चेंबर ओलसर आहे, थेंब तुरळक आहेत, प्रेशरचा काटा रोजच्या जागी आहे : असा ट्रक तेल बरोबर घेऊन खुशाल न्यावा. पण तीन गोष्टींत तडजोड नाही. तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडत असेल तर आगीचे भय आहे. मागच्या सीलचे तेल क्लचप्लेटपर्यंत पोचले असेल तर भरलेली गाडी घाटात घसरू लागेल. आणि गरम इंजिनावर काटा नेहमीपेक्षा खाली रेंगाळत असेल, तर पंप किंवा बेअरिंगे थकली आहेत. दिंडीबरोबर ट्रक सावकाश चालतो, तासन्‌तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. वारा लागत नाही, पंप मंद फिरतो, उष्णता साचते. रस्त्याला धावताना जे इंजिन निभावते ते येथे निभावेलच असे नाही. या तिन्हींपैकी एकही दोष असला, तर प्रस्थानाच्या तीन आठवडे आधी दुसऱ्या गाडीची तजवीज करावी. विणेकऱ्यांना वाईट वाटले तरी चालेल.

ट्रक निघालाच, तर त्याच प्रतीचे पाच लिटर तेल, बोल्टाचे दोन वायसर, एक फिल्टर आणि जुनी फडकी केबिनमध्ये असावीत. रोज पहाटे काकडा चालू असताना, इंजिन सुरू करण्यापूर्वी, काडी पाहून किती तेल घातले ते वहीत लिहावे. काढलेले जळके तेल मुक्कामाच्या विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये. डब्यात भरून परत आणावे.