खर्चाचे बळ आणि कथेचे बळ : ‘थंडरबॉल’चे गुणदोष



राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, वेदान्त असल्या भारदस्त विषयांची सवय असलेल्या श्रोत्यांपुढे एका इंग्रजी हेरपटाची गोष्ट काढली, तर काही भुवया उंचावणारच. परंतु ज्या करमणुकीवर आपण पदरचा पैसा आणि आख्खी संध्याकाळ खर्च करतो, तिची पारख करता येणे हाही शिक्षणाचाच भाग होय. ‘फक्कड होता’ किंवा ‘पाणचट होता’ एवढे म्हणून आपण चित्रगृहाबाहेर पडतो. पण त्यातले फक्कड काय आणि पाणचट काय, हे निवडून वेगळे काढत नाही. आज ते एका चित्रपटापुरते करून पाहू.

त्यासाठी मी १९६५ सालचा ‘थंडरबॉल’ घेतला आहे. जेम्स बाँड या ब्रिटिश हेराच्या मालिकेतला हा चौथा चित्रपट. १९६२ सालचा पहिला ‘डॉ. नो’ सुमारे दहा लाख डॉलरांत झाला. पुढच्या वर्षीच्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ला सुमारे वीस लाख लागले आणि १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’ला सुमारे तीस लाख. ‘थंडरबॉल’चा खर्च मात्र एकदम नव्वद लाखांच्या घरात गेला! म्हणजे आधीच्या तिन्ही चित्रपटांचा खर्च एकत्र केला, तरी हा त्याच्या दीडपट. नायक तोच, शॉन कॉनरी. पहिल्या दोन चित्रपटांचा दिग्दर्शक टेरेन्स यंगही येथे पुन्हा आहे. तेव्हा वाढलेल्या पैशाने काय मिळाले आणि काय हातचे गेले, हे तपासायला याहून सोयीचे उदाहरण सापडणार नाही.

आधी कसोटी ठरवू. हेरकथा आपल्याला परकी नाही. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त हेरांचा सुळसुळाट आहे, पण आपण गुंततो ते हेरांच्या संख्येमुळे नव्हे. राक्षसासारख्या स्वामिनिष्ठ माणसाला त्याच्या मित्रप्रेमाच्या धाग्यानेच चाणक्य कसा ओढून आणतो, यात आपला जीव अडकतो. कोणाला काय ठाऊक आहे, कोण कोणाला फसवतो आहे आणि त्यात कोणाचे काय पणाला लागले आहे, या तीन प्रश्नांवर हेरकथा उभी राहते. बाकीचा सारा साजशृंगार.

आता कथानक थोडक्यात. ‘स्पेक्टर’ नावाची गुन्हेगार संघटना नाटोचे एक बाँबफेकी विमान पळवते आणि त्यातले दोन अणुबाँब बहामा बेटांजवळ समुद्रात दडवते. मागणी अशी, की दहा कोटी पौंडांची खंडणी द्या, नाहीतर एक मोठे शहर नष्ट होईल. हा कट तडीस नेणारा लार्गो नासाऊला ऐषारामात राहत असतो. त्याच्या आश्रयाला असलेली डॉमिनो ही तरुणी त्या विमानाच्या मूळ वैमानिकाची बहीण. लार्गोच्या माणसांनी तिच्या भावाला ठार करून त्याच्यासारखाच दिसणारा तोतया विमानात बसवला, हे तिला ठाऊक नाही. चौकशीसाठी बाँडला तेथे पाठवतात.

प्रथम गुण पाहू, कारण ते खरे आहेत. नेपथ्यकार केन अ‍ॅडम याने पॅरिसमधले स्पेक्टरचे सभागृह उभे केले आहे, ते पाहा. भव्य, थंड, पोलादी दालन. रांगेने बसलेले सभासद. आणि एखाद्या कंपनीच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचावा, तसा खून-खंडणीचा हिशेब चाललेला. हिशेबात लबाडी करणारा सभासद खुर्चीतच विजेच्या धक्क्याने मरतो, खुर्ची जमिनीखाली जाते, रिकामी वर येते आणि सभा पुढे चालू होते. येथे पैसा कथेच्या कामी आला आहे. लार्गो ज्यांना भितो ते लोक कसे आहेत, हे आपल्याला एका दृश्यात कळते.

दुसरा गुण पाण्याखालच्या छायाचित्रणाचा. चित्रपटाचा सुमारे पाव भाग पाण्याखाली घडतो. विमानाची पूर्णाकृती प्रतिकृती समुद्रात बुडवली होती. ती दृश्ये रिकू ब्राउनिंग याने हाताळली. अशी समुद्रतळाची दुनिया रुंद पडद्यावर पाहताना त्या काळचा प्रेक्षक थक्क झाला. यातल्या चमत्कृतींसाठी जॉन स्टिअर्स याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. बाँड तोंडात धरतो ते इवलेसे श्वसनयंत्र इतके खरे वाटले, की ब्रिटिश सैन्याच्या इंजिनिअर शाखेतून ‘हे किती वेळ चालते?’ अशी विचारणा झाली, असा किस्सा सांगतात. उत्तर गेले, ‘तुम्हाला जितका वेळ श्वास रोखून धरता येईल तितका वेळ!’

तिसरा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. नासाऊच्या जंकानू मिरवणुकीतून बाँड पळतो आहे. ही मिरवणूक एरवी नाताळ-नववर्षाच्या सुमारास निघते. चित्रपटासाठी ती मुद्दाम भरवली होती. ढोल, रंगीत वेष, शेकडो माणसे. पण आपले लक्ष त्या थाटावर नसते, ते असते बाँडच्या घोट्यावर! तेथे गोळी लागली आहे, रक्त ठिबकते आहे आणि त्या थेंबांच्या मागाने मारेकरी येत आहेत. इतक्या गर्दीत तो लपू शकत नाही, याचे कारण ते चार थेंब. मिरवणुकीचा खर्च आणि माणसाची जखम एकाच चौकटीत आल्या, तेव्हा चित्रपट किती उंच जाऊ शकतो याचा हा पुरावा.

आता दोष. नेमक्या सर्वांत खर्चिक प्रसंगातच ही उंची सुटते. शेवटी समुद्रतळाशी मोठे युद्ध होते. एका बाजूला नारिंगी पोशाखातले अमेरिकन पाणबुडे, दुसऱ्या बाजूला काळ्या पोशाखातली लार्गोची माणसे. भाले सुटतात, हवेच्या नळ्या कापल्या जातात, शार्क फिरतात. मिनिट दोन मिनिटे आपण डोळे विस्फारून पाहतो. मग हळूच घड्याळाकडे नजर जाते. असे का व्हावे?

कारण साधे आहे. पाण्याखाली माणसाला बोलता येत नाही, चेहरा काचेआड आणि नळीआड झाकला जातो, आणि पाण्याच्या विरोधामुळे प्रत्येक हालचाल संथ होते. पक्ष कोणता हे रंगावरून कळते. माणूस कोणता हे कळत नाही. कोण मेला, कोण वाचला, याची काळजी वाटावी तर कोणाची? संकलक पीटर हंट याच्या कात्रीने वेग आणण्याची शिकस्त केली आहे. पण बाँडच्या पाण्यातल्या चष्म्याचा रंग मध्येच बदलतो, यावरून किती तुकडे कसे जुळवावे लागले याची कल्पना येते.

याउलट ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मधली झुंज आठवा. आगगाडीचा एक अरुंद डबा, दोन माणसे. आधी बराच वेळ ती बोलतात. मरण समोर दिसत असता बाँड शब्दांनी वेळ काढतो. मग हातघाई होते आणि आपण खुर्चीची कड घट्ट धरतो. खर्चाच्या मानाने तो प्रसंग कितीतरी लहान. पैशाने अद्भुत उभे करता येते. भयासाठी मात्र ओळखीचा चेहरा लागतो.

दुसरा दोष याहून गंभीर आहे. दोन अणुबाँब हरवले आहेत आणि खंडणीची मुदत संपत आली आहे, ही गोष्ट चित्रपट स्वतःच विसरतो. जुगार, नाच, पोहणे यांत मधला बराच काळ जातो. शेवटी दुसऱ्या बाँबचा निकाल तर एका ओझरत्या उल्लेखात लागतो. डॉमिनोचे दुःखही तसेच. बुडालेल्या विमानातून आणलेले भावाचे घड्याळ बाँड तिला दाखवतो, तो प्रसंग छोटा आणि फार चांगला आहे. पुढे लार्गोला तीच मारते, हेही योग्यच. पण या बहिणीच्या वाट्याला जो वेळ यायला हवा होता, तो अनोळखी पाणबुड्यांनी घेतला.

हा दोष किती मोठा, हे प्रत्यक्ष इतिहासाने लगेच दाखवून दिले. चित्रपट १९६५ च्या डिसेंबरात झळकला. १७ जानेवारी १९६६ रोजी स्पेनमधील पालोमारेस गावावर अमेरिकेचे बी-५२ विमान हवेतच इंधन भरणाऱ्या विमानाशी आदळले आणि चार हायड्रोजन बाँब खाली पडले. तीन जमिनीवर सापडले. त्यांतल्या दोहोंमधील साधी स्फोटके उडून शेतांत किरणोत्सर्गी धूळ पसरली. चौथा समुद्रात गेला. एका स्पॅनिश कोळ्याने हवाई छत्री कोठे पडली ते पाहिले होते. त्याच्या सांगण्याचा आधार शोधाला मिळाला. ‘अ‍ॅल्व्हिन’ या लहान पाणबुडीने बाँब हुडकला आणि एप्रिलमध्ये तो वर काढला. सुमारे ऐंशी दिवस हा शोध चालला होता. त्यात ना भाले होते, ना सुंदर्‍या. एक कोळी, अथांग पाणी आणि वाट पाहणारे गाव, एवढेच. तरी जगाने श्वास रोखला, कारण तेथे पणाला काय लागले आहे हे कोणी क्षणभरही विसरू शकत नव्हते.

व्यवहारात मात्र ‘थंडरबॉल’ला प्रचंड यश मिळाले. जगभरचे उत्पन्न चौदा कोटी डॉलरांच्या घरात गेले. त्यातून निर्मात्यांनी जो धडा घ्यायचा तो घेतला. १९६७ च्या पुढच्या चित्रपटात ज्वालामुखीच्या पोटातल्या तळाचा एक देखावा उभारला, त्या एकट्याला सुमारे दहा लाख डॉलर लागले. म्हणजे सबंध ‘डॉ. नो’चा खर्च! पण १९६९ साली, ज्याने ‘थंडरबॉल’चे ते युद्ध कापून जुळवले होते त्याच पीटर हंटकडे दिग्दर्शन आले, तेव्हा त्याने बाँडला प्रेमात पडणारा, पत्नीच्या मृत्यूने कोसळणारा माणूस केला. आधिक्याचा दोष त्याच्याइतका जवळून दुसऱ्या कोणी पाहिला असेल?

तेव्हा ‘थंडरबॉल’ पाहू नका, असे मी म्हणत नाही. जरूर पाहा. सभागृहासाठी पाहा, समुद्रासाठी पाहा, मिरवणुकीतल्या त्या चार थेंबांसाठी तर अवश्य पाहा. फक्त पुढल्या वेळी एखाद्या मालिकेचा नवा भाग ‘पूर्वीपेक्षा भव्य’ म्हणून पुढे आला, की स्वतःला एवढेच विचारा : या भव्यतेत मला कोणाची काळजी वाटली? उत्तरात एखादे नाव आले, तर तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणायचे. नुसताच आकडा आला, तर तो खर्च निर्मात्याचा. आपला त्यात फक्त वेळ गेला.