घराण्यातली साखर आणि आपली किडनी

भिंगारमध्ये चार माणसांत साखरेची गोष्ट निघाली की एक वाक्य हमखास कानावर येते, "आमच्या घराण्यातच आहे, काय करणार?" वाचकहो, यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. दुसऱ्या भागाचा विचार आज आपण करू.

चरबी पाण्यात विरघळत नाही. म्हणून रक्तातून तिची ने-आण प्रथिनांत बांधलेल्या बारीक गाठोड्यांतून होते. त्यांना लायपोप्रोटीन म्हणतात. ही गाठोडी कशी बांधायची हे जनुके ठरवतात आणि जनुके आईबापांकडून येतात. एपीओ-ई या जनुकाचे ई-२, ई-३ व ई-४ असे तीन मुख्य प्रकार आहेत. एकाच चुलीवरचे जेवणाऱ्या दोन भावांचे कोलेस्टेरॉल वेगळे निघते, त्याचे हे एक कारण.

१९६३ साली नॉर्वेचे कोरे बर्ग यांनी लायपोप्रोटीन-ए शोधले. त्याचे प्रमाण बहुतांशी जन्मतःच ठरते, पथ्याने फारसे हलत नाही. ते जास्त असल्यास हृदयविकाराचा धोका वाढतो. किडनी बिघडून लघवीतून प्रथिने जाऊ लागली की ते आणखी चढते. साखर, किडनी आणि हृदय अशी ही साखळी आहे.

सडपातळ माणसानेही गाफील राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्रज डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के!

मग करायचे काय? साखर असणाऱ्याने वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन, रक्तातील क्रिएटिनिन आणि चरबी तपासावी. किडनी सुरुवातीला दुखत नाही. पायांवर सूज येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. रक्तदाब ताब्यात ठेवावा. मीठ कमी करावे, तंबाखू-मिश्री सोडावी, अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी मनाने बंद करू नये. घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल, तर लायपोप्रोटीन-ए आयुष्यात एकदा तपासण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस देण्याची राष्ट्रीय योजना २०१६ पासून आहे. पण आठवड्यातून दोन-तीन दिवस यंत्राजवळ गेले, तर बुडालेली मजुरी कोण भरून देणार?

बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत मधुमेहाने छळले. तेव्हा लायपोप्रोटीन-एचा शोधही लागला नव्हता. आज तपासणी आहे, औषधे आहेत. घराणे बदलता येत नाही. तपासणीची तारीख मात्र आपल्याच हाती आहे.