फाइल पोहोचते, मराठी मागे राहते

वडगाव निंबाळकरच्या संगणकावर विंडोजमध्ये टंकलेला जुना लेख पुण्यात मॅक किंवा लिनक्सवर उघडला, की पुष्कळदा मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते. जुन्या फॉन्टांत मराठी अक्षर साठवलेच जात नसे. कृतिदेवमध्ये ‘म’ म्हणजे क्रमांक 101. हा मुळात इंग्रजी छोट्या ‘ई’चा. फॉन्ट त्या जागी ‘म’चे चित्र दाखवी. फॉन्ट नसेल तिथे ‘ई’च उरतो. शिवाय 127च्या पुढचे क्रमांक विंडोज आणि मॅक निरनिराळे वाचत.

1991 साली आलेल्या युनिकोडने ‘म’ला स्वतःचा क्रमांक दिला : 2350. तो सर्वत्र ‘म’च.

म्हणून गावाचा इतिहास, वंशावळी, शाहिरी अशा फाइलींची नुसती नक्कल ठेवून भागत नाही. जुना फॉन्ट चालतो आहे तोवर त्या युनिकोडमध्ये आणाव्यात आणि छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहाव्यात. रूपांतरात ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला, तर डोंगरातली वाट समुद्रात जाते. आणि दोन्ही शब्द शुद्ध असल्याने शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्राला ही चूक सापडत नाही. ती मराठी वाचणाऱ्या माणसालाच सापडते.