तेरा राज्यं आणि एक रिकामी तिजोरी

डिसेंबर १७८३. कडाक्याच्या थंडीत अ‍ॅनापोलिस इथे अमेरिकेची काँग्रेस आपल्याच सदस्यांची वाट बघत होती. ब्रिटनने अमेरिकेचं स्वातंत्र्य मान्य केल्याचा पॅरिसचा तह मंजुरीसाठी समोर होता. मंजूर करून तो सहा महिन्यांच्या आत, म्हणजे मार्चच्या आरंभापर्यंत, युरोपात परत पोचवायचा होता. त्यासाठी तेरापैकी नऊ राज्यांची मतं हवी होती आणि किमान दोन प्रतिनिधी हजर असल्याखेरीज राज्याचं मत धरलं जात नसे. जमली होती सातच राज्यं. दक्षिण कॅरोलायनाचे रिचर्ड बेरेसफर्ड फिलाडेल्फियात आजारी होते. त्यांच्या खोलीतच बैठक भरवावी, इथवर विचार गेला. अखेर १४ जानेवारीला ते येऊन पोचले, तेव्हा कुठे तह मंजूर झाला. कागद पोचायला उशीर झालाच. ब्रिटनने तो चालवून घेतला, हे नशीब.

ही अवस्था ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ या पहिल्या घटनेने आणली होती. १७७७मध्ये काँग्रेसने ती स्वीकारली आणि मेरीलँड राजी झाल्यावर १ मार्च १७८१ रोजी ती अमलात आली. तीत राष्ट्रीय कार्यकारी प्रमुख नव्हता, न्यायव्यवस्था नव्हती, कर बसवण्याचा अधिकारही नव्हता. घटनाकार अननुभवी होते म्हणून असं झालं, हे पटत नाही. लंडनहून लादलेल्या करांविरुद्ध बंड करून उठलेली माणसं होती ती. दूरच्या सत्तेच्या हाती पुन्हा पैसा आणि फौज द्यायची त्यांची तयारी नव्हती. केंद्र दुबळं ठेवलं ते जाणूनबुजून.

त्याची झळ पहिल्यांदा लागली सैनिकांना. काँग्रेसने राज्यांकडे पैसे मागायचे आणि राज्यांनी जमतील तेवढे द्यायचे, अशी रीत. आयात मालावर पाच टक्के जकात बसवण्याचा प्रस्ताव १७८१मध्ये आला, पण घटनेत बदल करायला तेराही राज्यांची संमती लागे. सर्वांत लहान राज्य, र्‍होड आयलंड, अडून बसलं. १७८३चा दुसरा प्रयत्न न्यूयॉर्कमुळे फसला. दरम्यान, जून १७८३मध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या इमारतीला वेढा घातला. पेनसिल्व्हेनियाने संरक्षणासाठी शिबंदी द्यायला नकार दिला, आणि राष्ट्राचं सरकार प्रिन्स्टनला निघून गेलं.

मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याचे कर रोख नाण्यांत भरावे लागत आणि शेतकऱ्यांकडे नाणी नव्हती. कर्जापायी जमिनी जाऊ लागल्या तशी १७८६मध्ये त्यांनी कोर्टं बंद पाडायला सुरुवात केली. त्यांचा एक पुढारी डॅनियल शेज स्वातंत्र्ययुद्धात कॅप्टन होता. जानेवारी १७८७मध्ये त्यांनी स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चाल केली. शस्त्रागार राष्ट्राचं, पण ते राखलं राज्याच्या शिबंदीने. तोफा डागल्या गेल्या, चार बंडखोर मेले. बंड मोडायला निघालेल्या मुख्य फौजेचा खर्च बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी खिशातून केला होता.

याच काँग्रेसने जुलै १७८७मध्ये ओहायो नदीच्या उत्तरेकडच्या मुलखासाठी कायदा करून तिथे गुलामगिरीला बंदी घातली, हे तिचं मोठं काम विसरू नये. मात्र त्याच उन्हाळ्यात फिलाडेल्फियात, जुन्या घटनेत दुरुस्ती सुचवायला जमलेले प्रतिनिधी बंद दारांआड नवीच घटना लिहीत होते. एकमताच्या अटीने काय केलं होतं, ते त्यांनी पाहिलं होतं; म्हणून नऊ राज्यांच्या संमतीने नवी घटना लागू होईल, असं त्यांनी ठरवलं. र्‍होड आयलंडने त्या सभेला प्रतिनिधीच पाठवला नाही. वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होऊन वर्ष उलटल्यावर, २९ मे १७९० रोजी, त्या राज्याने ३४ विरुद्ध ३२ मतांनी नवी घटना स्वीकारली.