फाइल एकीची, गुण पाचांचे

हल्ली कॉलेजातून पोरी घरी आल्या, की ‘आमचा ग्रुप’ हा शब्द सारखा कानावर येतो. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीला फील्ड प्रोजेक्ट आलाय, त्याला श्रेयांक मिळतात. कल्पना चांगलीच आहे. पण बचत गटाच्या निमित्ताने बीड जिल्ह्यातल्या गावांत फिरते, तेव्हा मुली वेगळंच सांगतात. माहिती एकीने गोळा करायची, अक्षर चांगलं म्हणून फाइलही तिनेच लिहायची आणि सरांपुढे बोलायला मात्र गटातला एखादा मुलगा उभा! गुण सगळ्यांना सारखे.

अंग चोरणं हा काही आपल्याच पोरांचा दोष नाही बरं का. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच शेती-अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. १९१३ साली ते प्रयोग छापून आले. माणसं वाढली तसा माणशी जोर कमी होत गेला.

मग काम वाटायचं कसं? अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत १९७१ साली एलियट ॲरन्सन यांनी धड्याचेच तुकडे केले. प्रत्येक मुलाकडे एकच तुकडा, तो त्याने बाकीच्यांना शिकवायचा. त्याचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होईना, म्हणून मागे बसणाऱ्यालाही किंमत आली.

आपल्याकडे ऊसतोडीचाच विषय घ्या. एकाने मुकादमाची उचल आणि कोयत्याचा हिशेब समजून घ्यावा, दुसऱ्याने मुलांच्या बुडालेल्या शाळेचं बघावं. बायकांच्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न तर एवढा गंभीर, की २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. ते दुखणं बाया मुलीपाशीच बोलणार. मग वर्गातही ते तिनेच मांडायला नको का?

अंबाजोगाईत ‘मानवलोक’चं समाजकार्य महाविद्यालय आहे. समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्य सोबतीने झालं, तरी अहवाल ज्याचा त्याने लिहायचा असतो. बी.ए., बी.कॉम.ला हे का जमू नये? बचत गटात नाही का, हजेरी, इतिवृत्त, हिशेब सगळं वहीत असतं.

आणि वेळेचं काय? तास संपल्यावर ‘ग्रुप’ जमणार, तोवर गावाकडची एस.टी. निघून जाते. दिवाळीनंतर आई-बाप तोडीला गेलेले, घरी आजी आणि धाकटी भावंडं. ती पोर थांबणार कशी? गटाचं काम वेळापत्रकातल्या तासातच बसवा, एवढं पालक सभेत आपण मागू शकतो. मी तरी मागते.

एका तालुक्याच्या कॉलेजातल्या बाईंनी सोपी युक्ती काढलीय. गटातल्या पाचही जणांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. जिचं नाव निघेल तिने दुसऱ्याच्या भागावर बोलायचं. पहिल्याच दिवशी एका गप्प मुलीची चिठ्ठी निघाली. वाट्याला आला उचलीचा हिशेब. कागदाकडे न बघता तिने तो फळ्यावर मांडला. घरी दरवर्षी ऐकलेला होता.