तुंबलेली नाली व तिचे निरुपद्रवी उपाय

अर्जुनी मोरगांव तालुक्यांतील केशोरीचा भाग धानाचा व मिरचीचा. येथें पाऊस भरपूर. वस्तीच्या उतारास बोडी किंवा तलाव, आणि त्याच्या खालीं धानाच्या बांध्या. म्हणून घरचें सांडपाणी शेवटीं जातें कोठें, हें शेतकऱ्यानें अवश्य पाहिलें पाहिजे. तें फिरून त्याच्याच गुरांच्या पाण्यांत व त्याच्याच जमिनींत येतें.

याच कारणानें, नाली तुंबली कीं बाजारांतून कॉस्टिक सोडा किंवा तेजाब आणून ओतणें आम्हांस पसंत नाहीं. त्यानें हात भाजतात, डोळ्यांस कायमची इजा होते, आणि घाण कुजवून तिची माती करणारे उपयुक्त सूक्ष्म जंतू मरतात. शिवाय उघड्या नालींतील अडथळा बहुधा माती, वाळू, पाला व तणस यांचा असतो. तो अशा औषधानें हटत नाहीं. खाण्याचा सोडा व शिरका एकत्र ओतण्याची युक्तिही हल्लीं सांगतात. फेस पुष्कळ येतो. पण आम्ल व अल्कली एकमेकांचा जोर मारतात, आणि मागें क्षाराचें साधें पाणी उरतें.

मात्र आळसही परवडणारा नाहीं. पूर्व विदर्भ हा हत्तीपायाचा जुना प्रदेश आहे. या रोगाचे कृमि डांसांत वाढतात हें सन १८७७ मध्यें पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरानें चीन देशांत दाखविलें. हा रोग पसरविणारा क्यूलेक्स डांस घाणेरड्या, सांचलेल्या पाण्यांतच अंडीं घालतो, आणि उष्ण दिवसांत सुमारें आठ-दहा दिवसांत अंड्याचा डांस होतो. याचा अर्थ स्पष्ट आहे: आठवड्यांतून एक दिवस नाली वाहती व कोरडी केली, तर ती पिढी उडण्यापूर्वींच नष्ट होते.

साफ करण्याचें काम खालच्या टोंकाकडून सुरू करावें. वरून ढोसल्यास गाळ पुढें जाऊन अधिकच घट्ट बसतो. प्रथम फावड्यानें मुख मोकळें करावें. झांकलेल्या भागांत बांबूची लांब, लवचिक कामटी सरकवून अडथळा मागें ओढावा. मग वरून दोन-चार बादल्या पाणी एकदम सोडावें. तेलकट थर असल्यास गरम पाणी घालावें. नळ प्लास्टिकचा असेल तर उकळतें घालूं नये. काढलेला गाळ कांठावर ठेवूं नये; पहिल्या सरीनें तो पुनः आंत जातो. त्यांतील प्लास्टिक वेचून तो खताच्या खड्ड्यांत पुरावा व पूर्ण कुजल्यावरच वापरावा. हातांस जखम असेल त्यानें हें काम करूं नये.

तरीही नाली वारंवार तुंबत असेल, तर दोष उताराचा समजावा. दहा फुटांस निदान एक ते दीड इंच उतार असावा. मोरीच्या तोंडाशीं जाळी बसवून पुढें हातभर खोल गाळखड्डा करावा. भांडीं घांसल्याची राख व माती तेथेंच बसते, आणि खड्डा दर आठवड्यास उपसतां येतो.

जागा असल्यास शोषखड्डा उत्तम. नांदेड जिल्ह्यांत हिमायतनगर तालुक्यांतील टेंभुर्णी हें गांव घरोघरच्या शोषखड्ड्यांमुळेंच डांसमुक्त म्हणून नांवाजलें. पण हा खड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर हवा. जेथें पावसाळ्यांत पाणी जमिनीच्या वरच्या थरापर्यंत येतें, किंवा माती फार चिकण आहे, तेथें तो उपयोगी पडत नाहीं. अशा ठिकाणीं सांडपाणी केळी व कर्दळी यांच्या वाफ्यांत फिरवून जिरवावें. कच्च्या खाण्याच्या भाजीस मात्र तें देऊं नये.

महसुली नोकरींत आम्हीं शेजाऱ्यांच्या सांडपाण्याचे तंटे पुष्कळ पाहिले. बहुतेक तंट्यांचें मूळ चार हात अडलेली नाली हेंच असे. दोन घरांनीं मिळून ती एका सकाळीं उपसली असती, तर अर्ज लिहिण्याचें कारणच पडलें नसतें. तरी वाचकांस विनंति कीं, मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं आपल्या घराची नाली शेवटच्या टोंकापर्यंत एकदां स्वतः चालून पाहावी, आणि वाटेंत शेजाऱ्यासही हांक मारावी.